मुरुगेसन सारांचा डिसेंबर

मुरुगेसन सार जून महिन्यात नाताळची गाणी तोंडाने शीळ घालून वाजवत. शाळा नुकती उघडलेली असायची, कावेरीला पाणी सुटलं की नाही याची स्टाफरूममध्ये चर्चा चाललेली असायची, आणि हे गृहस्थ कोपऱ्यातल्या टेबलावर वह्या तपासत, ओठांचा चंबू करून, शब्दांवाचून पण सुरात वाजवत बसायचे. कोणी विचारलंच, "सार, कुठलं हो हे गाणं?" तर मान वर न करता म्हणायचे, "जुन्या सिनेमातलं." सिनेमाचं नाव त्यांना कधीच आठवत नसे. विचारणाराही फार खोलात जात नसे, कारण त्यालाही ते गाणं कुठलं ते ठाऊक असे.

आम्ही दोघे पापनाशमजवळच्या एका खेड्यातल्या सरकारी शाळेत मास्तर, तमिळमध्ये 'सार'. ते गणिताचे, मी इतिहासाचा. दोघेही तंजावूरहून बसने जाणारे. मी राजवाड्यामागच्या गल्लीतला, भोसल्यांच्या मागोमाग इथे येऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी एका घरातला. ते रेल्वेपलीकडच्या वस्तीतले. आमचं बोलणं सगळं तमिळमधून व्हायचं. इथे ते मराठीत लिहितोय, आणि हे मराठीही निवृत्तीनंतर पुण्याला लेकीकडे राहून घासूनपुसून घेतलेलं आहे. माझी नात म्हणते, आजोबा घरात बोलतात ते वेगळंच काहीतरी असतं. असेल. पण मुरुगेसन सारांबद्दल माझ्या गल्लीत बोलायची सोय राहिली नाही, म्हणून या भाषेत सांगतोय.

त्यांचं घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. आजा जमीनदाराच्या शेतात राबणारा, गावकुसाबाहेरचा. मिशनच्या शाळेत मुलगा घातला आणि सगळं घर चर्चमध्ये जाऊ लागलं. पण कायदा असा की अनुसूचित जातीचा दाखला हिंदूला मिळतो, शिखाला मिळतो, बौद्धाला मिळतो, ख्रिस्त्याला मिळत नाही. त्यामुळे वडिलांनी शाळेत नाव घालताना मुरुगन देवावरून मुरुगेसन घातलं, धर्म हिंदू लिहिला, आणि घरी येऊन पोराला मोसे, म्हणजे बायबलातला मोशे, अशीच हाक मारली. त्या दाखल्यावर शिष्यवृत्ती, त्यावर बी.एड., त्यावर नोकरी. वस्तीतल्या निम्म्या घरांची हीच गोष्ट. गावाला माहीत, शाळेला माहीत, माहीत नव्हतं ते फक्त कागदाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून सगळे आपापली मूठ झाकून होते.

मी एकदा नको तेवढ्या हुशारीने विचारलं, "पण सार, धर्म बदलला म्हणजे जात गेली, असंच ना कायद्याचं म्हणणं?"

ते हसले. हसताना ते नेहमी खिडकीबाहेर बघायचे. "आमच्या आजोबांचा बाक चर्चमध्ये वेगळा होता, राव सार. मागे, दारापाशी, चपलांच्या शेजारी. देव बदलला, बाक नाही बदलला."

आयुधपूजेला शाळेत फळ्याला, प्रयोगशाळेतल्या तराजूला, हेडमास्तरांच्या मोटारसायकलीला हार घालत. मुरुगेसन सार सर्वांत मागे, हात बांधून उभे. प्रसादाचं चण्याचं सुंडल वाटलं की मात्र द्रोण दोनदा भरून घ्यायचे आणि म्हणायचे, "चण्याला धर्म नसतो." आणि सव्वीस डिसेंबरला, शाळेला सुट्टी असली तरी कोणत्या तरी निमित्ताने आमच्या घरी डबा यायचा. अच्चु मुरुक्कु, अधिरसम, रव्याचे लाडू. "बायकोची दिवाळी उशिरा येते," एवढंच स्पष्टीकरण. माझी आई, जिला आम्ही अम्मा म्हणायचो, सोवळ्याओवळ्याची, बाहेरचं काही न खाणारी. तो डबा आला की आधी दोन दिवस कपाटात ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी कोणी बघत नसताना अधिरसम खायची. डबा रिकामा परत करायचा नाही हा नेम मात्र तिने कधी मोडला नाही.

डिसेंबर हा आमच्या गावात दुहेरी महिना. मध्यावर मार्गळी हा देवाधर्माचा तमिळ महिना सुरू होतो. पहाटे भजनं, दारोदारी मोठमोठे कोलम म्हणजे रांगोळ्या, शेणाच्या गोळ्यात खोचलेली भोपळ्याची पिवळी फुलं. आणि त्याच दिवसांत संध्याकाळी रेल्वेपलीकडच्या चर्चची मंडळी गात गात फिरायची. पुढे बांबूवर कागदी चांदणी, मागे ढोलकी, खंजिरी, दहाबारा बायामाणसं, आणि सर्वांच्या पुढे क्रिसमस तात्ता. तात्ता म्हणजे आजोबा. लाल झगा, कापसाची दाढी, बाजारात मिळतो तो गुलाबी गालांचा प्लॅस्टिकचा मुखवटा. हा तात्ता नाचायचा, आणि नाचायचा म्हणजे काय, गुडघे छातीला लावून, गिरक्या घेऊन, पोरांच्या अंगावर धावून जाऊन. आमच्या गल्लीत एक निवृत्त नर्स राहायच्या, त्या ख्रिस्ती, म्हणून मंडळी आमच्या गल्लीत वळायची. नर्सबाईंच्या दारात दोन गाणी झाली की तात्ता शेजारीपाजारी चॉकलेटं वाटायचा.

अम्मा पायरीवर खुर्ची टाकून बसायची. "तात्ता आलाका? मज चॉकलेट कोठ?" असं आपल्या भाषेत ओरडायची. तात्ता तिच्यासमोर वाकायचा, दोन्ही हातांत तिचा हात घ्यायचा, आणि चॉकलेट तिच्या मुठीत ठेवायचा. अशाच एका वर्षी मला त्याच्या उजव्या मनगटावर, आतल्या बाजूला फिरवलेलं घड्याळ दिसलं. ते घड्याळ मी रोज बसमध्ये बघत होतो. दुसऱ्या दिवशी बसमध्ये आम्ही शेजारीच बसलो. तिकिटं काढून झाल्यावर ते म्हणाले, "तुमच्या आईचे हात फार गार होते. काही पांघरायला देत जा." त्यानंतर आमच्यात लपवण्यासारखं काही उरलं नाही.

शाळेत मुरुगेसन सार अंगाला खळ लावल्यासारखे चालायचे. हात शरीरापासून सुटे व्हायचे नाहीत. मुलांवर आवाज चढवायचे नाहीत, कोणाच्या पाठीवर थाप मारायचे नाहीत, शिक्षकदिनाच्या नाटकात काम द्यायला गेलो तर पडदा ओढायचं काम मागून घ्यायचे. तोच माणूस वर्षातून सात-आठ संध्याकाळी असा नाचायचा की ढोलकीवाला दमायचा. मी एकदा म्हटलं, "सार, तुम्ही वेगळेच दिसता तेव्हा."

"दिसत नाही म्हणूनच तर," ते म्हणाले. मग बस थांब्याला लागता लागता: "आमच्यात एका शिष्याची गोष्ट आहे. त्याने आपल्या गुरूला तीनदा नाकारलं आणि मग जन्मभर रडला. मी रोज सकाळी हजेरीवर मुरुगेसन अशी सही करून नाकारतो. रडायला वेळ कुठे, पहिला तास माझाच असतो."

त्यांच्या घरी नाताळात चांदणी असायची, पण मागच्या अंगणात, कपडे धुण्याच्या दगडावर, भिंतीकडे तोंड करून. रस्त्यावरून दिसू नये म्हणून. मी गेलो की मला मुद्दाम मागे नेऊन दाखवायचे. "दिवा लावून मापाखाली ठेवू नये, असं आमच्यात शिकवतात," म्हणायचे. "मी मापच घट्ट धरून बसलोय." बायको सेल्वी स्वयंपाकघरातून हे ऐकायची आणि म्हणायची, "पुरे. पोरीचं शिक्षण होऊ दे, मग लावा रस्त्यात." पोरगी एकच, पोन्नी. पोन्नी हे कावेरीचंच नाव. ते त्यांनी विचार करून ठेवलेलं, म्हणजे घरात एक नाव आणि दाखल्यावर दुसरं, असं तिच्या वाट्याला येऊ नये. "नदीला कोण विचारतंय तू कुठल्या देवाची ते," असं म्हणायचे. पोन्नी जनावरांची डॉक्टर व्हायला शिकत होती, राखीव जागेवर, शेवटच्या वर्षाला.

हे सगळं असंच निवृत्तीपर्यंत निभावलं असतं. दीड वर्षच राहिलं होतं त्यांचं.

त्या डिसेंबरात अम्मा नव्हती, त्याआधीच गेली होती. मी एकटाच पायरीवर उभा होतो. दिवेलागणीची वेळ. मंडळी नर्सबाईंच्या दारात पोचली आणि पहिलं गाणं संपतंय तोवर गल्लीच्या तोंडाशी तीन मोटारसायकली थांबल्या. पाचसहा पोरं. त्यांतली दोन आमच्या गल्लीतलीच, नावं घेत नाही, त्यांच्या मुंजी मी जेवलोय.

"मार्गळीत आमच्या गल्लीत हे कशाला?" एकाने विचारलं.

पाद्री सौम्य माणूस. "बाबांनो, दरवर्षी येतो. दोन गाणी म्हणतो आणि जातो."

"दरवर्षी येता आणि आमचीच माणसं पैसे देऊन नाचवता. या म्हाताऱ्याला किती दिले? ए, काढ ते तोंडावरचं. बघू दे कोण आहेस."

तात्ता हलला नाही. एकाने हात घातला आणि मुखवटा खाली ओढला. मुखवट्याचं इलॅस्टिक गळ्यात अडकून राहिलं. घामाने डबडबलेला, केस कपाळाला चिकटलेला, कापसाची दाढी एका कानावर लोंबणारा माझा मित्र माझ्याच गल्लीत उभा होता.

आणि मग त्या पोरांतलाच एक पुढे आला. सेंदिल त्याचं नाव, बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, आमच्या शाळेतून दहावी झालेला. तो इतरांना मागे सारत म्हणाला, "अरे, हात लावू नका! हे मुरुगेसन सार आहेत. मला गणित यांनी शिकवलं. हे त्यांच्यातले नाहीत, आपलेच आहेत. मला पक्कं माहीत आहे." आणि सारांच्या झग्यावर पडलेला कापूस झटकत तो हळूच म्हणाला, "सार, तुम्ही घरी जा. कोणी काही म्हणणार नाही. मी सोडतो गाडीवर."

त्या पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्याने त्यांना सोडवायलाच ते केलं. सारांनी नुसतं "बरं" म्हटलं असतं, नव्हे, काहीही न बोलता त्याच्या गाडीवर बसले असते, तरी सगळं मिटलं असतं. इतर पोरंही एव्हाना ओशाळून मागे सरकली होती. शिव्या दिल्या असत्या तर मुरुगेसन सार मान खाली घालून उभे राहिले असते, याची मला खात्री आहे. शिव्यांची त्यांना सवय होती. ही माया त्यांना सोसवली नाही.

त्यांनी कानावरची दाढी काढून खिशात ठेवली. "नाही रे सेंदिल," ते वर्गात बोलत तितक्याच हळू आवाजात म्हणाले. "मी यांच्यातलाच. मी ख्रिस्ती आहे, जन्मापासून. माझं नाव मोसे."

एव्हाना दोघातिघांचे फोन वर झालेले होते.

सारांनी ढोलकीवाल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "थांबलास का? दुसरं गाणं राहिलंय." त्याने भीतभीत थाप दिली. आणि त्यांनी उघड्या तोंडाने, नर्सबाईंच्या दारासमोर, गुडघे छातीला लावत तो नाच पुरा केला. पोरं बघत राहिली. मला आनंद वगैरे काही झाला नाही, खरं सांगतो. मला पोन्नी दिसत होती.

सुट्टी संपून शाळा उघडली. पहिल्या दिवशी बसमध्ये ते म्हणाले, "त्या रात्री झोप लागली, राव सार. कित्येक वर्षांनी आडवं पडल्याबरोबर लागली." तोवर तो व्हिडिओ आमच्या हेडमास्तरांच्या, माझ्या आणि पापनाशमच्या चहावाल्याच्याही फोनवर येऊन गेला होता.

जानेवारीत, पोंगल झाल्यावर, नोटीस आली. खोटा दाखला देऊन नोकरी मिळवल्याची तक्रार, कोणी केली ते लिहिलेलं नव्हतं. छाननी समितीपुढे हजर व्हा. दाखला रद्द झाला तर नोकरी गेली, पेन्शन गेली, आणि बापाच्या दाखल्यावर मिळालेला मुलीचा दाखलाही गेला. म्हणजे पोन्नीची पदवी हातात येण्याआधीच जाणार.

त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. सेल्वी तांदूळ निवडत होती. पोन्नी कॉलेजातून आली होती. ती रडत असती तर बरं झालं असतं. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बापासमोर उभी राहिली. "अप्पा, तुम्ही खरं बोललात. फार चांगलं केलंत. भोगायचं मी का?"

सारांनी सेल्वीच्या तांदळातला एक खडा उचलून दाराबाहेर टाकला.

"एवढंच सांगा समितीला," ती म्हणाली, "की गंमत म्हणून सोंग घेतलं होतं. मित्रांनी आग्रह केला म्हणून. पोरांनी चिडवलं, म्हणून रागाच्या भरात काहीतरी बोललो. मी हिंदू आहे. बस्स, चार वाक्यं."

त्यानंतर ते मोठ्याने शीळ घालायचे थांबले. बसमध्ये ओठ हलताना दिसायचे, मला वाटायचं गाणं म्हणताहेत. एक दिवस चहाच्या टपरीवर ते आपण होऊन म्हणाले, "मला वाटलं होतं, एकदा खरं बोललं की परत खोटं बोलायला जीभ वळत नाही. वळते, राव सार. मी पोन्नीची ती चार वाक्यं रोज आरशासमोर म्हणून बघतो. आता अडखळतसुद्धा नाही." आणि चहाचा ग्लास तसाच ठेवून उठले.

सुनावणीच्या दिवशी मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली नेसलेली पांढरी वेष्टी. बाहेरच्या बाकावर सकाळपासून बसलो. तिथे ते माझ्याशी त्यांच्या आईबद्दल बोलले, पहिल्यांदाच. चर्चच्या दफनभूमीत कडेला तिची जागा आहे, बाजूला एकाची जागा मोकळी ठेवलेली. "तिच्या क्रूसावर तिचं नाव नाही लिहिलेलं. वस्तीत तिला कोणी नावाने हाकच मारत नसे. 'मोसेची आई' एवढंच लिहिलंय. म्हणजे माझं नाव तिथे आधीच जाऊन बसलंय," आणि नेहमीसारखे समोरच्या खिडकीकडे बघून हसले. दुपारी शिपाई बाहेर आला आणि म्हणाला की साहेब आज येणार नाहीत, पुढची तारीख कळवू. आत जाऊन ते काय बोलले असते, ते मला आजही माहीत नाही. सेल्वी म्हणते, त्यांनी पोरीला शब्द दिला होता. पाद्री म्हणतात, त्यांनी वेगळंच ठरवलं होतं. दोघेही खोटं बोलणारे नाहीत.

पुढच्या तारखेआधीच, मार्चमधल्या एका रविवारी सकाळी, चर्चला जाण्यासाठी अंघोळ करत असताना ते न्हाणीघरात कोसळले. दवाखान्यात न्यायचीही वेळ आली नाही.

मी पोचलो तेव्हा दाराबाहेर पाद्री आणि दहाबारा माणसं उभी होती, डिसेंबरात गात यायची तीच. काळी शवपेटी आणलेली होती. सेल्वी दारात आडवी उभी होती, पाद्रींपुढे हात जोडून. "ऐया, आज नको. तुमच्या पाया पडते, पोरीकडे बघा. नोकरीत असताना गेलाय माणूस, तक्रार अजून तशीच आहे. चर्चच्या मातीत नेला तर उद्या तेच पुढे करतील." पाद्रींनी मागे वळून माणसांना हाताने खूण केली. पेटी परत टेंपोत चढवली गेली. मंडळी रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. कोणी गायलं नाही.

सेल्वीने मला आत घेतलं आणि दार लोटून म्हणाली, "राव सार, तुमच्यात काय काय करतात ते सांगा. कसं करायचं, आम्हाला कोणालाच येत नाही."

तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर ते. डोकं कुठल्या दिशेला ठेवतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आमचे आणि त्यांच्या जुन्या जातीचे रिवाज कधीच एक नव्हते, पण तिच्या दृष्टीने मी हिंदू होतो आणि तेवढं पुरेसं होतं. आमच्याकडचे तीनशे वर्षांचे पूर्वज मला तोंडपाठ आहेत, पण त्या दिवशी मी डोकं दक्षिणेला एवढंच सांगितलं. उशाशी लावायला समई शेजारच्या गल्लीतून मागून आणली. भिंतीवरची येशूची तसबीर कोणीतरी आधीच उतरवली होती. तिथे चौकोन पांढरा दिसत होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून विभूतीचं पाकीट आलं.

पोन्नी बापाच्या उशाशी बसली. तिने कुंकू लावतात तसं एका बोटाने कपाळाच्या मध्यावर विभूतीचा ठिपका लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तीन बोटं, पोरी," मी म्हटलं. "आडवी."

तिने तीन बोटांनी आडवे पट्टे ओढले, डावीकडून उजवीकडे. त्यांचा चेहरा काही शांत वगैरे दिसत नव्हता. तोंड किंचित उघडं राहिलं होतं, पुढचा शब्द राहून गेल्यासारखं. तिचा मामेभाऊ स्टुलावर चढून फोनने फोटो काढत होता, समितीच्या फायलीत लावायला. त्याने फोन खाली घेऊन पाहिला आणि म्हणाला, "अक्का, अजून थोडी लाव. खिडकीतून उजेड येतोय, फोटोत दिसत नाही."

पोन्नीने पाकिटात पुन्हा तीन बोटं घातली.